जिन्याचा दिग्दर्शक : किम की-यंग

(द्वितीय वर्ष, कला)

जागतिक चित्रपटाचा विषय निघाला की आपल्याकडे कुरोसावा, बर्गमन, सत्यजित राय ही नावे आदराने घेतली जातात. अलीकडे त्यांत बोंग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाच्या नावाची भर पडली आहे. त्यांच्या 'पॅरासाइट'ला २०१९ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि २०२० मध्ये चार ऑस्कर मिळाली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. परंतु एक घर, त्यात कामासाठी शिरलेले गरीब माणूस आणि त्या घराच्या मधोमध उभा असलेला जिना ही मांडणी कोरियन पडद्यावर १९६० मध्येच एका माणसाने करून ठेवली होती. बोंग यांनीही हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. त्या माणसाचे नाव किम की-यंग. कोरियन माणसे आडनाव आधी लावतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख 'किम' असाच केला आहे.

किम यांचा जन्म १९१९ मध्ये सोल शहरात झाला. त्या वेळी कोरिया स्वतंत्र नव्हता. १९१० पासून त्या देशावर जपानचे राज्य होते. पुढे त्यांचे कुटुंब उत्तरेकडे प्याँगयांगला गेले आणि किम यांचे शालेय शिक्षण तेथेच झाले. चित्रकला, संगीत, लेखन या सर्वांत त्यांना गती होती. घरच्यांची आणि त्यांची स्वतःची इच्छा मात्र डॉक्टर होण्याची. १९४० च्या सुमारास ते जपानमधील क्योटो येथे गेले. पोटासाठी मिळेल ते काम करावे आणि उरलेल्या वेळात नाटके व चित्रपट पाहावेत, असा त्यांचा तेथील क्रम होता. फ्रिट्झ लांग यांचा 'एम' आणि फॉन स्टर्नबर्ग यांचा 'मोरोक्को' हे दोन चित्रपट त्यांच्या मनावर विशेष कोरले गेले. पदवीसाठी आपण कितीतरी पुस्तके पाठ करतो आणि परीक्षा होताच विसरतो. पण एखाद्या थिएटरच्या अंधारात बसून पाहिलेले दोन तास माणसाला आयुष्यभर पुरतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९४५ मध्ये जपान हरला, कोरिया मोकळा झाला आणि लगेच त्याचे दोन तुकडेही झाले. किम दक्षिणेत आले आणि सोल राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी दंतवैद्यकाचा अभ्यास केला. एकीकडे दात आणि हिरड्या, दुसरीकडे विद्यार्थ्यांच्या नाटकमंडळात इब्सेन, चेकॉव्ह, ओनील! १९५० मध्ये ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात उत्तर-दक्षिण युद्ध पेटले. सोल पडले. लाखो माणसे जीव घेऊन दक्षिण टोकाला असलेल्या बुसान बंदराकडे धावली. किमही त्यांत होते. तेथे अमेरिकन माहिती खात्यात त्यांना वार्तापट बनविण्याचे काम मिळाले आणि हातात प्रथमच खरा कॅमेरा आला. दात काढण्याची सांडशी त्यांनी पुन्हा कधी धरली नाही.

युद्धाच्या काळातच त्यांचा विवाह किम यू-बोंग यांच्याशी झाला. त्याही दंतवैद्यच होत्या. फरक इतकाच की त्यांनी व्यवसाय सोडला नाही. चित्रपटसृष्टीविषयी लिहिताना दिग्दर्शकाच्या पत्नीला एक ओळ देऊन पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे मात्र थांबलेच पाहिजे. किम यांना पुढील चाळीस वर्षे मनाजोगे, विचित्र, कधी चालणारे तर बहुधा न चालणारे चित्रपट काढता आले, त्यामागे या बाईंच्या दवाखान्याची कमाई होती. निर्मात्याने पाठ फिरविली तरी घरातली चूल थांबत नव्हती. पतीच्या चित्रपटांत त्यांनी स्वतःचे पैसेही घातले. नवरा पडद्यावर स्वप्ने रंगवीत होता आणि बायको खुर्चीत बसलेल्या रोग्यांचे दात भरीत होती, असा हा संसार. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण त्यांचा सर्वांत मोठा चित्रपट नेमक्या अशाच एका घराविषयी आहे.

१९५५ मध्ये त्यांचे पहिले दोन कथापट आले. पहिला 'मृत्यूची पेटी'. तो अनेक वर्षे नाहीसा झाला होता. पुढे अमेरिकेच्या सरकारी संग्रहात त्याची प्रत सापडली, पण ध्वनीविना. दुसरा 'यांगसानदो' ही जुन्या काळातील एका दुर्दैवी प्रेमाची कथा. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरातील गरिबांवर, रस्त्यावरच्या मुलांवर चित्रपट काढले. त्यांतील बहुतेक आज उरलेले नाहीत. १९५७ च्या 'सांजवेळची आगगाडी' या चित्रपटात आन संग-की नावाचा पाच वर्षांचा मुलगा प्रथम पडद्यावर आला आणि पुढे तो कोरियाचा सर्वांत लाडका नट झाला.

आता 'हान्यो'कडे वळू. हान्यो म्हणजे मोलकरीण. हा चित्रपट १९६० च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला. काळ लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने सिंगमन री यांची हुकूमशाही राजवट कोसळली होती आणि पुढच्याच वर्षी, मे १९६१ मध्ये, सेनापती पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. या दोहोंच्या मधल्या वर्षभरात कोरियात थोडे मोकळे वारे वाहत होते. 'मोलकरीण' त्या वाऱ्यावर जन्मला.

कथा वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून सुचलेली. कापडगिरणीतील कामगार मुलींना संगीत शिकविणारा एक मास्तर आहे. बायको रात्रंदिवस शिवणयंत्रावर बसून पैसे जोडते. कशासाठी, तर माडीचे घर हवे म्हणून. घरात पायाने अधू असलेली मुलगी आणि खोडकर मुलगा (हा आन संग-कीच!) आहे. घर मोठे झाले, पण त्यापायी बायकोची तब्येत ढासळली. म्हणून गिरणीतल्याच एका मुलीला घरकामाला आणले जाते. नवीन घरात उंदीर आहेत, म्हणून फडताळात उंदराच्या औषधाची बाटली आहे. बायको माहेरी गेलेली असताना एका पावसाळी रात्री मोलकरीण आणि मास्तर यांच्यात जे घडू नये ते घडते आणि तिला दिवस जातात. मग मालकीणबाई शांतपणे तिला जिन्यावरून स्वतःला खाली टाकून घ्यायला लावतात. घराची अब्रू आणि नवऱ्याची नोकरी, दोन्ही वाचली पाहिजेत ना! मूल जाते आणि तेथून पुढे ती मुलगी त्या घराचा सूड घेते. एका मागून एक मृत्यू होतात. पण विलक्षण गोष्ट अशी की कुणीही पोलिसांकडे जात नाही. मुलगा गेल्यावरही नाही. बोभाटा झाला तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर घर जाईल. म्हणून मालकीण स्वतःच्या नवऱ्याला माडीवर मोलकरणीकडे पाठविते आणि खाली यंत्रावर शिवत बसते.

हे सारे ऐकताना कुणाला भडक वाटेल. ते भडक आहेच. पण किम यांची शैली येथेच समजते. जवळजवळ सगळा चित्रपट त्या एका घरात घडतो. हे घर त्यांनी स्टुडिओत उभारून घेतले आणि त्याचा कणा म्हणजे जिना. वर पियानो आणि मोलकरणीची खोली. खाली स्वयंपाकघर, शिवणयंत्र आणि संसार. कोण वर जात आहे, कोण खाली येत आहे, हातात काय आहे, एवढे पाहिले तरी कथा कळते. भाताचे ताट घेऊन कुणी जिना चढू लागले की आपला श्वास अडकतो, कारण त्यात काय कालवले आहे हे ठाऊक नसते. वरच्या दोन खोल्यांना बाहेरून जोडणारी एक गॅलरी आहे. कॅमेरा त्या गॅलरीतून सरकत जातो आणि काचेच्या दाराआडून, पावसात, ती मुलगी आत पाहत असते. आत पियानो शिकविला जात आहे. तिला त्याला हात लावण्याचीही मुभा नाही. काच पारदर्शक असते, म्हणून दिसते सगळे. पण मध्ये काच असतेच. शब्द न वापरता गरिबी दाखविणे म्हणजे काय, ते मला या एका दृश्याने कळले.

वस्तूंचा त्यांना विलक्षण सोस होता. किम प्रत्येक दृश्याची चित्रे आधी स्वतः काढीत. त्यामुळे पडद्यावरची एकही वस्तू तेथे सहज म्हणून ठेवलेली नसते. चित्रपटाच्या आरंभी नामावळी येत असताना भाऊ-बहीण बोटांत दोरा गुंफून खेळत असतात. हा खेळ आपल्याकडची मुलेही खेळतात. एकाने दोरा सोडविला की दुसऱ्याच्या बोटांत नवा गुंता तयार! सगळी कथा त्या दोऱ्यात आहे, हे चित्रपट संपल्यावर ध्यानात येते.

शेवट तर अजबच आहे. मास्तर आणि मोलकरीण दोघेही विष घेतात. मरताना मास्तराला बायकोपाशी जायचे आहे. तो जिना उतरू लागतो आणि ती त्याचा पाय धरून ठेवते. एकेका पायरीवर तिचे डोके आपटत जाते. आणि इतके झाल्यावर चित्रपट एकदम पहिल्या दृश्याकडे परततो. नवरा-बायको वर्तमानपत्र वाचीत सुखाने बसलेली! काहीच घडलेले नाही. नवरा प्रेक्षकांकडे वळून, हसत, असे कुणाच्याही बाबतीत होऊ शकते असे बजावतो. काही समीक्षक याला सेन्सॉरपुढे केलेली सारवासारव समजतात. मला ते पटत नाही. एवढी माणसे मेल्यावर तो ज्या तऱ्हेने हसतो, ते पाहून अंगावर काटा येतो.

त्या वेळी हा चित्रपट तुफान चालला. असे सांगतात की थिएटरात बसलेल्या मध्यमवर्गीय स्त्रिया मोलकरणीला ठार मारा म्हणून ओरडत असत. ही भूमिका करणाऱ्या ली उन-शिम या अभिनेत्रीला पुढे फारशी कामेही मिळाली नाहीत. प्रेक्षकांना तिची इतकी धास्ती बसली होती! युद्धानंतर खेड्यापाड्यांतून हजारो मुली सोलमध्ये गिरण्यांत आणि घरकामाला येत होत्या. ज्यांच्या घरी अशी मुलगी होती त्यांना झोप कशी लागावी?

पण हा प्रश्न उलटाही विचारता येतो, आणि मला तो विचारावासा वाटतो. माझी मावशी वयाच्या तेराव्या वर्षापासून शहरात लोकांकडे धुणीभांडी करते. तिला राहायला जागा दिली होती तीही जिन्याखालची. म्हणून असेल, पण हा चित्रपट पाहताना मी त्या कुटुंबाच्या बाजूने एकदाही बसू शकले नाही. खलनायिका म्हणून जी मुलगी उभी केली आहे, तिला त्या घरात येण्यापूर्वी काय हवे होते? दोन वेळचे जेवण आणि झोपायला खोली. हाव तिची नव्हती, माडीची होती. जिन्यावरून पडायला तिला सांगण्यात आले, तेव्हा तिने ते ऐकले, कारण सांगितलेले ऐकणे हेच तिचे काम होते. किम यांचे मोठेपण असे की त्यांनी प्रेक्षकांना तिची भीती घातली, पण तिच्याविरुद्ध निकाल दिला नाही. कॅमेरा जसा तिच्याकडे संशयाने पाहतो, तसाच तो काचेच्या बाहेर तिच्या शेजारी पावसातही उभा राहतो. आणि ज्या शिवणयंत्रावर ते घर उभे राहिले, त्यावर बसलेल्या बाईचे हालही तो लपवीत नाही. किम यू-बोंग यांनी हा चित्रपट पाहताना काय विचार केला असेल, असे राहून राहून वाटते.

यानंतरचा एक उल्लेखनीय चित्रपट म्हणजे १९६३ चा 'कोर्योजांग'. म्हाताऱ्या आईबापांना सत्तरी गाठल्यावर डोंगरावर नेऊन सोडायचे, या जुन्या दंतकथेवर तो आधारलेला आहे. दुष्काळ, बटाट्यासाठी होणारी मारामारी आणि आईला पाठीवर घेऊन डोंगर चढणारा मुलगा. येथेही चढणच! या चित्रपटाची काही रिळे हरवली आहेत. उरलेलाही मन विषण्ण करतो.

पार्क यांच्या राजवटीत चित्रपटांवर कठोर नियंत्रण आले. १९६२ च्या कायद्याने छोट्या निर्मात्यांचे कंबरडे मोडले. मोठ्या कंपन्यांना परदेशी चित्रपट आणण्याचा परवाना हवा असे आणि तो देशी चित्रपटांच्या निर्मितीशी जोडलेला असल्याने कसेबसे चित्रपट उरकून संख्या भरली जाई. अशा दिवसांत किम यांनी एक शहाणपणा केला. कुणाला नकोशा कथा ते घेत आणि त्यांत आपल्याला हवे ते भरीत. त्यामुळे त्यांचे सत्तरीतले चित्रपट एकाच वेळी पोरकट आणि थोर वाटतात.

१९७१ मध्ये त्यांनी आपलीच 'मोलकरीण' पुन्हा काढली, या खेपेला रंगीत. नाव 'ह्वान्यो', म्हणजे अग्निस्त्री. येथे शिवणयंत्राच्या जागी कोंबड्यांचा कारखाना आहे. बायको कोंबड्या पाळते आणि नवरा गाणी रचतो. खेड्यातून आलेली मुलगी पगार मागत नाही. मालकिणीने आपल्यासाठी एखादे चांगले स्थळ पाहून द्यावे, एवढीच तिची अट. अशा अटीवर राबणाऱ्या मुली आपल्याकडेही कमी नाहीत. ही भूमिका केली युन यो-जंग या नव्या मुलीने. तिचा हा पहिलाच चित्रपट आणि त्यासाठी तिला कोरियातला आणि स्पेनमधील सीतगेस महोत्सवातला, असे दोन्हीकडचे अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी 'कीटकस्त्री'तही तीच होती. १९८२ मध्ये किम यांनी ही कथा तिसऱ्यांदा सांगितली. एकच घर माणूस तीनदा का बांधतो? पैसा हे एक उत्तर आहे, पण तेवढेच नसावे. दर दशकात कोरिया अधिक श्रीमंत होत गेला आणि दर वेळी त्या घरातली माडी अधिक उंच होत गेली.

मात्र या काळातील सर्व काही मला आवडले असे नाही. स्त्री म्हणजे पुरुषाला खाऊन टाकणारा कीटक, ही कल्पना ते पुढेपुढे इतकी ताणतात की पहिल्या मोलकरणीबद्दल त्यांच्याच मनात असलेली करुणा आटल्यासारखी वाटते. त्याला अपवाद १९७७ चा 'इओदो'. कोरियाच्या दक्षिणेस जेजू बेट आहे. तेथील बायका समुद्रात बुडी मारून शिंपले काढतात. समुद्राखालच्या एका काल्पनिक बेटावर बुडालेल्या माणसांचे आत्मे जातात, अशी त्यांची श्रद्धा. तेथे नाहीशा झालेल्या एका माणसाचा शोध, दूषित होत चाललेला समुद्र, अंगात येणारी देवऋषीण आणि शेवटी मृत्यूतून जन्म ओढून काढण्याचा भयंकर विधी. हा चित्रपट समजला असे मी म्हणणार नाही, पण विसरता येत नाही.

ऐंशीच्या दशकात प्रेक्षक त्यांच्यापासून दुरावले. एकूण ३२ चित्रपट काढलेला हा माणूस जवळजवळ विस्मृतीत गेला. मग नव्वदीत काही तरुणांच्या हाती त्यांच्या जुन्या व्हिडिओफिती लागल्या आणि त्यांची एक वेडी भक्तमंडळीच तयार झाली. १९९७ च्या बुसान महोत्सवात त्यांच्या चित्रपटांचा खास विभाग ठेवण्यात आला. जगभरच्या पाहुण्यांनी विचारले की हा माणूस आजवर होता कुठे? बर्लिनचे आमंत्रण आले. परंतु तेथे जाण्याआधीच, फेब्रुवारी १९९८ मध्ये, सोलमधील त्यांच्या जुन्या घराला आग लागली आणि किम व त्यांच्या पत्नी दोघेही त्यात मरण पावली. किम अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

'मोलकरीण'च्या मूळ निगेटिव्हमधील दोन रिळे नव्हती. पुढे ती एका जुन्या प्रतीत सापडली, पण त्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी उपशीर्षके पडद्याचा मोठा भाग व्यापून होती. कोरियाच्या चित्रपट संग्रहालयाने मार्टिन स्कोर्सेसी यांच्या संस्थेच्या साहाय्याने एकेका चौकटीवरची ती अक्षरे पुसून काढली आणि २००८ मध्ये चित्रपट कानमध्ये पुन्हा झळकला. (याच संस्थेने पुढे उदय शंकर यांचा 'कल्पना' वाचविला.) संग्रहालयाने तो इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिला, म्हणून माझ्यासारखीला मोबाइलवर तो पाहता आला.

२०१० मध्ये इम संग-सू यांनी 'मोलकरीण' नव्याने काढला. त्यात त्या घरातली म्हातारी मोलकरीण आहे युन यो-जंग. १९७१ मध्ये तरुण मोलकरीण झाली होती तीच. २०२१ मध्ये 'मिनारी' या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले. अभिनयाचे ऑस्कर मिळविणारी ती पहिली कोरियन. त्र्याहत्तर वर्षांच्या या बाईने व्यासपीठावरून आपल्या पहिल्या दिग्दर्शकाचे नाव घेतले आणि त्याचे आभार मानले. समोर बसलेल्या मंडळींत किती जणांनी ते नाव पूर्वी ऐकले होते कुणास ठाऊक.